चाकाखालचा दगड उचलायचा कोणी?

या पानावर आपण नेहमी बियाणे, खते, कीड-रोग आणि बाजारभाव यांच्याबद्दल बोलतो. आज रस्त्यावर पडलेल्या दगडाबद्दल लिहायचे आहे. "सायेब शेती सोडून बांधकाम खात्यात गेले की काय?" असे कोणी म्हणेल. म्हणू द्या. शेतात पिकलेला माल बाजारात पोचला तर ते उत्पन्न, वाटेत सांडला तर नुसती मेहनत. आणि तो वाटेत कसा सांडतो हे मी या डोळ्यांनी पाहिले आहे.

थंडीचे दिवस होते. एका गावात मुक्काम करून पहाटे सहाच्या सुमारास मोटारसायकलवर तालुक्याला परत निघालो होतो. अंधार पुरता फिटलेला नव्हता. माण नदीच्या अलीकडे ओढ्यावरची मोरी ओलांडली आणि पुढे रस्त्यावर काहीतरी पांढरे पसरलेले दिसले. जवळ गेलो तर दूध. दुधाची तीनचाकी गाडी डाव्या कुशीवर पडलेली, कॅन गडगडत चरीत गेलेले आणि गाडीवाला पोरगा खांदा धरून कडेला बसलेला. पुढच्या चाकाची रिम एका बाजूने पापडासारखी दुमडली होती आणि टायर रिमच्या बाहेर लोंबत होता.

दहा कॅन होते. चाळीस लिटरचा एक, म्हणजे चारशे लिटर दूध. ते काही त्या पोराचे नव्हते. वस्तीवरच्या पंचवीस-तीस घरांची ती पहाटेची धार होती. डेअरीत माप आणि फॅट लागल्याशिवाय दुधाचा पैसा होत नाही, तेव्हा त्या दिवसाचा चारा, पेंड आणि बायाबापड्यांची पहाटेची उठाठेव सगळी चरीतून वाहून गेली. पोराचे खांद्याचे हाड मोडले होते. गाडी कर्जाची.

मी विचारले, "अरे, दगड दिसला नाही का?" तो म्हणाला, "सायेब, दगड दिसला त्याच्या आधी चाकाला लागला."

दगड तिथेच होता. नारळापेक्षा थोडा मोठा, काळा पाषाण. एका अंगाला टायरच्या रबराचा काळा डाग आणि खाली उसाचे पाचट चिकटलेले. तसेच दोन दगड कडेला पडले होते. आदल्या रात्री तिथे उसाची ट्रॉली पंक्चर झाली होती. चाकांना दगड लावले, जॅक चढवला, चाक बदलले आणि ट्रॅक्टर निघून गेला. दोन दगड पायाने ढकलले, एक राहिला. चौकशी केली तेव्हा ट्रॉली त्या पोराच्याच भावकीतल्या माणसाची निघाली. तो बिचारा दवाखान्यात येऊन खाली मान घालून बसला. "दगड आमचाच म्हणायचा," एवढेच बोलला. कागदावर मात्र दगड आलाच नाही. कागदावर चालकाचा ताबा सुटून वाहन पलटी झाले, एवढेच आले.

त्या माणसाला मी काही बोलू शकलो नाही, कारण हे काम मीही केले आहे. नोकरीच्या पहिल्या वर्षात बियाण्याच्या पिशव्या घेऊन जाताना घाटात जीप बंद पडली. मी स्वतः उतरून मागच्या चाकाला दगड लावला. जीप चालू झाली, आम्ही बसलो आणि गेलो. तो दगड मी उचलला नाही. त्यावर कोणाचे काय झाले असेल ते देव जाणे. दूध सांडलेले पाहिल्यावर मला पहिली आठवण त्या दगडाची झाली. तेव्हा हे लिहिणे दुसऱ्याला शिकवण्यासाठी आहे असे कोणी समजू नये.

आता आपण म्हणाल, दगड काय सगळ्यांनाच लागतो, त्यात तीनचाकीचे वेगळे काय? वेगळे आहे, आणि ते नीट समजून घेण्यासारखे आहे.

पहिली गोष्ट चाकाच्या मापाची. आपल्या बैलगाडीचे लाकडी चाक माणसाच्या छातीला लागायचे. ट्रॅक्टरचे मागचे चाक चार फुटांहून उंच असते. मोटारसायकलचे चाक साधारण दोन फुटांचे. प्रवासी रिक्षाचे चाक आठ इंची रिमचे आणि मालवाहू तीनचाकीचे बहुधा दहा इंची रिमचे असते. टायर धरून त्याची पूर्ण उंची सोळा ते एकोणीस इंचांच्या आसपास भरते. चाकाला दगडावर चढायचे असते तेव्हा त्याच्या निम्म्या उंचीशी दगडाची तुलना करायची. ट्रॅक्टरच्या चाकाला चार इंचांचा दगड म्हणजे किरकोळ. तोच दगड तीनचाकीच्या चाकाच्या निम्म्या उंचीच्या जवळजवळ निम्मा भरतो. मोठे चाक दगडावर चढून जाते. लहान चाक त्याला धडकते, आणि सगळा दणका रिमच्या काठावर येतो.

दुसरी गोष्ट मधल्या चाकाची. जीप, पिकअप, मोटार यांचा चालक दगड दिसला की तो दोन चाकांच्या मधून, पोटाखालून काढतो. मोटारसायकलवाला हातभर बाजूने जातो. तीनचाकीवाल्याला यातले काहीच करता येत नाही. दगड मधून काढावा तर मध्ये पुढचे चाक. डावीकडून किंवा उजवीकडून काढावा तर मागचे चाक येते. दोन चाकांची गाडी रस्त्यावर एक रेघ ओढते, चार चाकांची दोन आणि तीन चाकांची तीन. गाडी सर्वांत छोटी, पण रस्ता तिलाच सर्वांत स्वच्छ लागतो.

आणि रस्त्याचा सर्वांत घाण भाग कोणता? मधला पट्टा. आपल्या रानातल्या वाटेला दोन चाकोऱ्या असतात आणि मध्ये गवताचा उंचवटा असतो ना, तसेच डांबरी रस्त्यावरही घडते. मोठ्या गाड्यांची चाके दोन पट्टे झाडून लख्ख ठेवतात आणि त्यांनी उडवलेली खडी, खिळा, दगडाची कपरी मधल्या पट्ट्यात येऊन साचते. तिथून कोणाचे चाक जात नाही म्हणून ती तिथेच राहते. तीनचाकीचे पुढचे चाक बरोबर त्याच पट्ट्यावरून धावते. माझ्या माहितीतले जुने टेम्पोवाले म्हणूनच गाडी थोडी कडेला धरून पुढचे चाक झाडलेल्या पट्ट्यावर ठेवायचे. (टेम्पो हे मूळचे एका जर्मन कंपनीचे नाव. त्या बनावटीची तीनचाकी गाडी आपल्याकडे पन्नाशीच्या दशकाच्या अखेरीस निघाली आणि पुढे माल वाहणाऱ्या प्रत्येक लहान गाडीला आपण टेम्पोच म्हणू लागलो.)

तिसरी गोष्ट पलटी होण्याची. घरातली तीन पायांची तिवई कशाही जमिनीवर ठेवा, डुगडुगत नाही. पण तिच्या दोन पायांच्या मधल्या बाजूवर भार टाकला की लगेच कलंडते. तीनचाकीचे तसेच आहे. पुढच्या दोन कोपऱ्यांखाली चाक नाही. चालकाने दगड पाहून एकदम ब्रेक दाबला आणि त्याच क्षणी हँडल वळवले, तर सगळा भार पुढे आणि बाहेरच्या कोपऱ्यावर जातो, आणि तिथे आधार नसतो. त्यातून माल उंच रचलेला असेल तर विचारूच नका. म्हणजे दगडाला धडकून जेवढे नुकसान होते, त्याहून जास्त कधीकधी दगड चुकवताना होते.

गाडीवाल्यांनाही यात दोन गोष्टी ऐकवल्या पाहिजेत. चाळीस लिटरच्या भरलेल्या कॅनचे वजन कॅनसकट पन्नास किलोच्या घरात जाते. दहा कॅन म्हणजे अर्धा टन झाला. बहुतेक छोट्या तीनचाकींची झेप तेवढीच. डाळिंबाचे वीस किलोचे क्रेट घेतले तर पंचवीस क्रेटमध्ये अर्धा टन होतो. आपण मात्र चाळीस चढवतो आणि वर एक माणूस बसवतो. मग रिम दुमडली की दोष कंपनीला.

वेगाचा हिशेबही करून बघा. ताशी चाळीस किलोमीटर म्हणजे सेकंदाला अकरा मीटर. दगड दिसला, डोक्यात शिरला, पाय ब्रेकवर गेला, यात दीड सेकंद जातो. तेवढ्यात गाडी सोळा-सतरा मीटर पुढे गेलेली असते. भरलेली गाडी त्यापुढे थांबायला आणखी पंधरा मीटर घेते. एकूण बत्तीस मीटर. चिखलाने माखलेल्या दिव्याच्या उजेडात काळ्या डांबरावरचा काळा पाषाण तीस मीटरवरून दिसेल का? म्हणून त्या पोराचे बोलणे खोटे नव्हते. पहाटे आणि रात्री पंचवीस-तीसच्या वर गाडी काढू नये आणि रोज निघताना दिव्याची काच फडक्याने पुसावी. पाच मिनिटे उशिरा गेल्याने दूध नासत नाही.

दगड अगदी अंगावर आलाच तर गाडी सरळ ठेवून ब्रेक जोरात लावावा आणि चाक दगडाला लागण्याच्या जरा आधी सोडून द्यावा. ब्रेक दाबलेला असताना पुढचा स्प्रिंग आधीच दबलेला असतो, त्याला दणका झेलायला जागा उरत नाही. हे लिहायला सोपे आणि करायला अवघड आहे, मला माहीत आहे. पण हँडल झटक्यात वळवायचे नाही, एवढे तरी हाताला शिकवून ठेवावे.

हवेचेही तसेच. हवा कमी असली की टायर दगड आणि रिमच्या मध्ये चेपला जातो आणि ट्यूबला शेजारी-शेजारी दोन छिद्रे पडतात, साप चावल्यासारखी. पंक्चरवाल्याने अशी जोडी दाखवली तर समजा, खिळा नव्हता, दणका होता. मग नुसते ठिगळ लावून निघू नका, रिमचा काठ हात फिरवून बघा. हवा गच्च भरली तरी भागत नाही, कारण मग तोच दणका रिमला आणि आर्मला बसतो. टायरच्या अंगावर छापलेला आकडा जास्तीत जास्त किती हवा चालते त्याचा असतो. आपल्या गाडीच्या पुस्तिकेत पुढच्या आणि मागच्या चाकाला जो आकडा दिलेला आहे तो पाळावा, आणि हवा सकाळी, टायर थंड असताना तपासावी.

दणका बसल्यावर गाडी चालते आहे म्हणून तशीच दामटायची, ही आपल्याकडची सर्वांत मोठी चूक. पुढच्या बाजूखाली जॅक लावून चाक उचला. रिमच्या काठाजवळ काडी धरून चाक हाताने फिरवा. काडी आणि काठ यांच्यातले अंतर कमी-जास्त होत असेल तर रिम वाकली. चाक वर-खाली हलवून बघा, खटखट लागली तर बेअरिंग गेले. बहुतेक तीनचाकींमध्ये पुढचे चाक एकाच बाजूच्या आर्मवर धरलेले असते, त्यामुळे आर्म किंवा त्यातला दांडा वाकलेला वरून दिसत नाही. तो गाडी एका बाजूला ओढू लागल्यावर कळतो. टायरच्या बाजूवर टेंगूळ आले असेल तर आतले धागे तुटले आहेत, तो टायर त्याच दिवशी काढावा. टेंगूळ आलेल्या टायरवर आठ-आठ दिवस माल वाहणारे लोक मी पाहिले आहेत. त्यांच्या मागे मी मोटारसायकल चालवत नाही.

वाकलेली रिम दगडावर ठेवून घणाने सरळ करण्याची आपल्याकडे सवय आहे. करू नये. पत्रा एकदा दुमडला की तिथे कमजोर होतो, आणि घणाने तो गोल दिसला तरी गोल होत नाही. याहून धोक्याची गोष्ट वेगळीच आहे. बहुतेक तीनचाकींची रिम दोन अर्धे भाग नटांनी जोडून केलेली असते. काही नट चाकाला हबवर धरतात आणि काही नट त्या दोन भागांना एकमेकांशी धरतात. टायरमध्ये हवा असताना हे दुसरे नट सोडले तर आतल्या हवेच्या जोराने रिम उघडून तोंडावर येऊ शकते. म्हणून रिम खोलायची असेल तर आधी वॉल्व्हची पिन काढून हवा पूर्ण सोडावी, मगच पाना लावावा. शेतात, वस्तीवर, पोराटोरांच्या हातात पाना देताना हे आधी सांगा. नवे चाक बसवल्यावर नट एकदा कसून भागत नाही. चाळीस-पन्नास किलोमीटर चालल्यावर पुन्हा कसावेत.

विम्याचे विचारले म्हणून लिहितो. नुसता थर्ड पार्टी विमा असेल तर स्वतःच्या रिमचे, टायरचे किंवा सांडलेल्या मालाचे काहीही मिळत नाही. पुरा विमा असला तरी नुसता टायर फुटल्याचे पैसे सहसा मिळत नाहीत. पॉलिसीचा कागद कपाटात ठेवण्याआधी एकदा वाचून घ्यावा.

हे झाले गाडीवाल्याचे. पण गाडीवाल्याने कितीही जपले तरी दगड रस्त्यावर टाकणारे आपणच आहोत, आणि मला खरे बोलायचे आहे ते याबद्दल. घाटातली दरड सोडली तर आपल्या जिल्ह्याच्या सपाट रस्त्यावर दगड आपोआप येत नाही. उसाच्या हंगामात ट्रॉल्यांच्या चाकांखालचा येतो. सोयाबीन, तूर, बाजरी रस्त्यावर पसरून येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांकडून मळून घेण्याची जी पद्धत पडली आहे, तिच्या कडेला आपण दगडांची रांग लावतो. धान्य गोळा होते आणि रांग तशीच राहते. पाणंदीत खडीचा ढीग टाकून ठेकेदार निम्मे काम करून जातो. वारीच्या दिवसांत मुक्कामाला चूल मांडायला रस्त्याकडेला आणलेले तीन दगड पुढे रस्त्यावर सरकतात. नांगर घेऊन रानातून थेट डांबरीवर चढलेला ट्रॅक्टर काळ्या मातीची ढेकळे सोडतो, आणि काळी माती दोन दिवस वाळली की दगडाला हार जात नाही. तुरीचे तिरके तोडलेले सड तर ट्रॅक्टरच्या टायरला सोडत नाहीत, मग तीनचाकीची काय कथा! काढलेले सड भरताना गाडीतून सांडले तर तेही उचलले पाहिजेत.

रस्त्यावरच्या मळणीबद्दल शेती खात्याचा माणूस म्हणून थोडे जास्त बोलतो. त्यात फायदा आहे असे वाटते, प्रत्यक्षात नाही. धान्यात बारीक खडी आणि डांबराचे कण मिसळतात, दाणे फुटतात आणि बाजारात व्यापारी मूठ भरून बघितली की भाव पाडतो. सोयाबीनचे साल तर इतके नाजूक असते, की चाकाखाली गेलेला दाणा बियाणे म्हणून राखण्याच्या लायकीचा राहत नाही. वरून काड तीनचाकीच्या चाकाभोवती आणि मागच्या शाफ्टला गुंडाळते. तापलेल्या सायलेन्सरला वाळले काड लागले तर आग. मळणी यंत्राला पैसे लागतात हे खरे, पण दोन-चार जणांनी मिळून एका दिवसात यंत्र फिरवले तर परवडते. तोवर खळे नसेल तर ताडपत्री घ्या. रस्ता हे खळे नव्हे.

आता कायद्याचे. सरपंच आणि ग्रामसेवक (२०२४पासून ज्यांना ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात) यांच्यासाठी हे मुद्दाम लिहितो. सार्वजनिक रस्त्यावर आपल्या कृतीने किंवा आपल्या ताब्यातल्या वस्तूची व्यवस्था न केल्याने कोणाला धोका, अडथळा किंवा इजा झाली तर तो गुन्हा आहे. जुन्या भारतीय दंड संहितेत हे कलम २८३ होते आणि दंड दोनशे रुपयांपर्यंत होता. १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ते कलम २८५ झाले आणि दंड पाच हजारांपर्यंत गेला. चाकाला लावलेला दगड न उचलणे हे त्यात बसते, असे माझे मत आहे. मोटार वाहन कायदा १९८८च्या कलम १२२प्रमाणे बंद पडलेले वाहन किंवा ट्रॉली धोका होईल अशा रीतीने रस्त्यावर सोडता येत नाही. त्याच कायद्यात २०१९च्या दुरुस्तीने कलम १९८-अ आले. रस्ता सुरक्षित ठेवण्यात कसूर झाल्याने कोणाचा मृत्यू झाला किंवा कोणाला अपंगत्व आले तर जबाबदार ठेकेदाराला किंवा यंत्रणेला एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. खडीचा ढीग रस्त्यात सोडून गेलेल्या ठेकेदाराला पत्र लिहिताना हा आकडा जरूर लिहावा. पत्र लवकर हलते.

अर्ज कोणाकडे करायचा, यातही लोक चुकतात. ग्रामीण मार्ग आणि इतर जिल्हा मार्ग जिल्हा परिषदेकडे असतात. प्रमुख जिल्हा मार्ग आणि राज्य मार्ग सार्वजनिक बांधकाम विभागाकडे. राष्ट्रीय महामार्गावर दगड किंवा बंद वाहन दिसले तर १०३३ क्रमांकावर फोन करावा, बाकी कुठेही जीवाचा धोका असेल तर ११२. गावठाणातल्या रस्त्यावरचा अडथळा दूर करायला मात्र कोणाची वाट बघण्याचे कारण नाही. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम ५३ने तो अधिकार ग्रामपंचायतीला दिलेला आहे.

पण माझा भर दंडावर नाही. ट्रॉलीवाला रात्री दोन वाजता, थंडीत, एकट्याने चाक बदलतो. कारखान्यावर नंबर लावायची घाई असते. अंधारात चार दगडांपैकी तीन सापडतात, चौथा सापडत नाही. त्याला दंडाची भीती घालून चौथा दगड सापडणार नाही. त्याला दगडच लागू नये अशी सोय केली पाहिजे. उपाय अगदी साधा आहे. बाभळीचा लाकडी ठोकळा, एका अंगाने उतरता तासलेला. उंची ट्रॉलीच्या चाकाच्या पाव हिश्शाएवढी, म्हणजे साधारण तीन फुटांच्या चाकाला नऊ इंच. रुंदी टायरएवढी. तो साखळीने ट्रॉलीच्या चासीला अडकवून ठेवायचा. साखळी एवढी लांब, की ठोकळा चाकाखाली जाईल. ट्रॉली निघाली की ठोकळा तिच्याबरोबरच जातो, कोणी विसरला तरी रस्त्यावर राहत नाही. एका ट्रॉलीला दोन लागतात. सुताराकडच्या तुकड्यांत होतात. ठोकळ्याला पिवळा रंग आणि ट्रॉलीच्या मागे रिफ्लेक्टर लावला तर उत्तमच.

मोरीजवळच्या त्या ट्रॉलीवाल्याने असे दोन ठोकळे करून घेतले आहेत. पहिला छोटा झाला, चाक त्याच्यावरून गेले. मग माप विचारायला तो आमच्या कार्यालयात आला, आणि वर दिलेले माप त्याच्याच ट्रॉलीचे आहे. त्या पोराचा खांदा सांधला. गाडी दोन महिने उभी होती, हप्ते थकले, त्यातले दोन हप्ते ट्रॉलीवाल्याने भरले. भावकीतला होता म्हणून भरले. परका असता तर?

२ ऑक्टोबरची ग्रामसभा गळीत हंगामाच्या तोंडावर येते. विषयपत्रिकेवर एक विषय वाढवायला सरपंचांना फार कष्ट नाहीत. मसुद्यासाठी अडायला नको म्हणून ठरावाचा नमुना खाली देत आहे. जसाच्या तसा घेतला तरी माझी हरकत नाही.

"विषय : गावातील रस्ते दगड-अडथळामुक्त ठेवणे. ठराव : आपल्या गावातून ऊस, मुरूम, वीट, खत इत्यादी वाहणाऱ्या प्रत्येक ट्रॅक्टर-ट्रॉलीस साखळीने बांधलेले दोन लाकडी ठोकळे असावेत. वाहन बंद पडल्यास चाकास दगड लावण्याची वेळ आलीच तर वाहन हलताना ते दगड चालकाने स्वतः मोजून रस्त्याबाहेर टाकावेत. डांबरी रस्त्यावर मळणी करू नये व दगडांची रांग लावू नये. रानातून रस्त्यावर चढताना पडलेली ढेकळे, सड व काटे संबंधित शेतकऱ्याने त्याच दिवशी काढावेत. हंगामात दर आठवड्यास एकदा मोरी, वळण व चढ या ठिकाणांची पाहणी ग्रामपंचायत कर्मचाऱ्याने करून नोंदवहीत लिहावे. ठेकेदाराने रस्त्यात सोडलेल्या खडीबाबत संबंधित विभागास सात दिवसांत लेखी कळवावे. सूचक : ........ अनुमोदक : ........ ठराव सर्वानुमते मंजूर."